यमुनावहिनींचं तपेलं

नानाने मला फसवलं. चारचौघांत, दिवसाढवळ्या, वाजतगाजत फसवलं. गावातल्या म्हाताऱ्यांना ते आधीपासून माहीत होतं, वाजवायला आलेल्या बेंजो पार्टीलासुद्धा कुणीतरी सांगून ठेवलं होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला, आणि बेंजोची सुपारी मीच दिली होती.

मी भंगाराचा व्यापारी आहे. शिळफाट्याला माझं दुकान आहे, गावात रस्त्याला लागून गोदाम आहे, दोन टेंपो आहेत. हे सगळं मी एका हातगाडीपासून उभं केलं, कुणाच्या ओळखीवर नाही, कारण ओळख नव्हतीच. रसायनीपासून खोपोलीपर्यंत एखादी कंपनी बंद पडली की तिच्या गेटवर पहिला मी असतो. तांबं मला हातात घेतल्यावर कळतं, पितळ वाजवल्यावर कळतं, आणि माल दाखवताना माणूस कुठल्या बाजूला उभा राहतो त्यावरून माणूस कळतो. माझा आवाज चढतो, हे खरं आहे. तो चढला नसता तर आजही हातगाडीच ढकलत असतो. अशा मला ज्याने गंडवलं त्याने उभ्या जन्मात कधी काही विकलं नव्हतं. ते जास्त लागतं.

नाना हा आमच्या गावकीचा भांडारी. गावकी म्हणजे गावातल्या सगळ्या घरांनी मिळून चालवलेला कारभार. देऊळ गावकीचं, तळं गावकीचं, आणि लग्नाकार्याची मोठी भांडीही गावकीची. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने ती न्यायची. भाडं नाही, अनामत नाही. ज्या घरचं कार्य पार पडलं त्या घराने ऐपत असेल तर एखादं भांडं गावकीला द्यायचं, घरातल्या बाईचं नाव त्यावर ठिपक्याठिपक्यांनी घालून. मग ते सगळ्यांचं. अशी किती वर्षांची तपेली, टोप, पराती, कढया देवळामागच्या खोलीत एकावर एक रचलेली असत, आणि खोलीची किल्ली नानाच्या कमरेच्या करगोट्याला. नाना तळ्यात उतरला की किल्लीचीही आंघोळ व्हायची.

बाराही महिने त्याच्या अंगावर खाकी हाफ पँट आणि जावयाने दिलेला कंपनीचा शर्ट. जावई मोहोपाड्याला, कारखान्याच्या कॉलनीत राहतो. शर्टाच्या पाठीवर ‘सुरक्षा प्रथम’ असं छापलेलं होतं. नाना चालायला लागला की मागून येणाऱ्याला उगाच धीर वाटायचा.

भांड्यांना तो भांडी म्हणत नसे. त्यांच्यावर ज्या बाईचं नाव, त्या नावानेच हाक मारी. शाळेत नवीन बदलून आलेले एक गुरुजी पहिल्याच दिवशी देवळाच्या पायरीवर बसले होते, तेव्हा आतून त्यांना ऐकू आलं, “सखूला पालथी घाला, पानी निथळू द्या. चंद्रभागेला लोळवत आनू नका, काठ दुखावलाय तिचा. आनि गंगूला यंदा कल्हई केल्याबिगर कुनाच्या घरी धाडायची नाय, सांगून ठेवतो.” गुरुजींनी घरी जाऊन बायकोला सांगितलं की गावात दवाखाना आहे, पण डॉक्टर जरा कडक आहे.

त्याचे नियम त्याने कधी कुणाला समजावून सांगितले नाहीत. ते मोडले की कळायचे. भांडी न्यायला कार्य असलेल्या घरचाच माणूस यायला हवा, मजूर चालत नाही. परत आणताना ती घरच्यांनीच राखेने आणि चिंचेने घासायची. नाना आतून बोट फिरवी, बोटाकडे बघे आणि बोट त्या माणसाच्या नाकासमोर धरी. माणूस भांडं उचलून पुन्हा तळ्यावर जाई. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भांडं रिकामं परत यायचं नाही. जे शिजलं त्यातलं वाटीभर नानासाठी यायला हवं. त्यामुळे गावातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक बारसं, प्रत्येक तेरावं या माणसाने चाखलेलं होतं. तो चव बघायचा आणि निकाल द्यायचा.

“डाळीला मानसं जास्त झाली.”

“भात बरा हाय. पन आचारी रागावला व्हता ना? कळतं.”

एकदा एका सावकारी थाटाच्या घराने पनीरची भाजी पाठवली. नानाने एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि आणणाऱ्याला विचारलं, “ह्येनं काय पुसायचं असतं?”

निवडणुकीच्या वेळी एका पक्षाचे कार्यकर्ते जेवणावळीसाठी भांडी मागायला आले. नाना म्हणाला, “न्या की. गावकीचीच हायत. पन ती दुसरी पार्टीवाली पन गावकीचीच. त्यानला घेऊन या, एका चुलीवर शिजवा, एका पंगतीला बसा.” ते गेले आणि खोपोलीहून भाड्याची भांडी आणली. दुसऱ्या पक्षानेही तेच केलं. नानाने दोन्हीकडे जाऊन जेवून घेतलं.

गावाच्या वर डोंगराला ठाकर आदिवासींची वाडी आहे. तिथल्या लग्नालाही तो भांडी द्यायचा. गावकीतल्या एकाने बैठकीत आवाज उठवला, “नाना, ती वाडी काय गावकीत नाय.” नाना म्हणाला, “मी सखूला इचारलं. ती म्हनाली, चुलीवर बसल्यावर मला खालून जाळ लागतो, जात नाय लागत.” ज्याने आवाज उठवला होता, सखू त्याची आजी होती. विषय तिथेच संपला.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की मी नानाचं कौतुक करतोय. तसं नाही. मी फसवणाऱ्याचं वर्णन करतोय, म्हणजे तुम्हाला कुठे भेटला तर ओळखता येईल.

आता माझं. माझा बाप जातीने तांबट. हाताचं काम बसलं म्हणून तो मिलमध्ये लागला आणि आम्ही या गावात येऊन राहिलो. म्हणजे उपरे. येण्याआधी बापाने आईसाठी स्वतःच्या हाताने तांब्याचं एक तपेलं घडवलं. ते त्याचं शेवटचं काम. पाचजणांच्या घराला ते एवढं मोठं होतं की त्यात कधी अन्न शिजलंच नाही. पावसाळ्यात आई त्यात गोधड्या ठेवायची. मी तान्हा असताना त्यात झोपायचो म्हणतात, आणि रडलो की आवाज असा घुमायचा की शेजारी दार ठोठावायचे. आवाज तेव्हापासूनच मोठा.

थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा गावकीत बोलणं निघालं की उपऱ्यांना भांडी कशी द्यायची. नाना तेव्हाही भांडारी होता. तो म्हणाला, “किल्ली माज्याकडं हाय. मी खोली उघडून बसतो. ज्याला बंद करायची त्यानं येऊन बंद करा.” तो उघडून बसला. कुणी आलं नाही. आमची पंगत गावाच्या भांड्यांत शिजली.

लग्नानंतर आईने ती सगळी भांडी स्वतः घासली, आणि त्यांच्याबरोबर आपलं तपेलं गावकीला देऊन टाकलं. बापाने त्यावर ठिपके मारून तिचं नाव घातलं होतं: यमुनाबाई. मी लहान होतो. देवळापर्यंत रडत मागे गेलो. आई मागे वळली नाही. तिने ते खुशीने दिलं की आम्हाला गावात जागा मिळावी म्हणून, हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि आता ती नाही. पण माझं मत ठरलेलं होतं. गावाने एका गरीब बाईकडून तिच्या घरातली एकमेव मोलाची वस्तू काढून घेतली होती. ती मला परत हवी होती. बाकी मला गावाकडून काहीही नको होतं.

नवीन घर बांधलं तेव्हा हॉलमध्ये तपेल्यासाठी चौथरा करून घेतला. वर आईचा फोटो, बाजूला एक लाइट. आणि नानाकडे गेलो.

“नाना, आईचं तपेलं मला पायजे.”

“कवा हाय कार्य?”

“कार्य नाय. कायमचं पायजे.”

“कायमचं कार्य कसलं असतं रं?”

“नाना, सरळ बोलतो. तांब्याचा आजचा दर देतो. वर घडणावळ देतो.”

“घडनावळ कुनाची?”

“बापाची.”

नाना विचारात पडला. मला वाटलं, मासा लागला. मग म्हणाला, “तुज्या बापानं मागितली नाय. तू कशी देतोस?”

मी चिडलो. म्हणालो, निदान वजन तरी करू दे, म्हणजे गावकीसमोर नीट बोलता येईल. तो लगेच तयार झाला. मी दुकानातून काटा घेऊन आलो. नाना म्हणाला, “कालच तेराव्यावरनं आलीय यमुनावयनी. खरकट्यासकट वजन करशील तर लोकं म्हनतील नानानं चोरी केली. घास आधी.” मी म्हणालो, घासायला माणूस पाठवतो. “मानूस चालत नाय.” मी, ज्याच्याकडे हमालच सहा आहेत, तळ्यावर बसून दुपारभर ते तपेलं घासलं. बाया धुणं थांबवून बघत होत्या. वर आणलं तर नानाने आत बोट फिरवलं, बोट बघितलं आणि खोलीला कुलूप लावलं.

“अरे, वजन?”

“आता कशाला? घासल्यावर हलकी झाली आसंल. तुजं नुकसान नगं.”

नानाशी भाव करताना हीच अडचण असायची. समोरच्याला काहीतरी हवं असेल तर भाव करता येतो. नानाला काहीच नको होतं, आणि ते लपवायचीही त्याला गरज वाटत नव्हती.

मग मी दुसरा डाव टाकला. थेट गावकीच्या बैठकीत गेलो. म्हणालो, एका जुन्या तपेल्याच्या बदल्यात नवी कोरी भांडी देतो, टोप, पराती, कढया, सगळा संच, वर झाकणं. बैठकीत एकदम उत्साह आला. सगळ्यांनी नानाकडे बघितलं. मला वाटलं, आता हा सखूला विचारेल, गंगूला विचारेल. तर नाना म्हणाला, “पोराचं बरोबर हाय. घेऊन जाऊ दे.”

मी जिंकलो होतो. आणि जिंकलेला माणूस ऐकत नाही. नाना मला प्रश्न विचारत होता आणि मी छाती काढून उत्तरं देत होतो.

“तुजं गोदाम कोरडं हाय ना रं? पावसात गळत नाय?”

“नवे पत्रे टाकलेत. थेंब नाय.”

“टेंपो दोन हायत?”

“दोन. तिसरा घेतोय.”

“बायको कशी हाय?”

“म्हंजे?”

“दारात आलेल्याला पानी इचारते का?”

“ती इचारते. मी नाय इचारत.”

“तुजं म्हाइत हाय.”

माझ्या धंद्यातलं पोरगंही सांगेल की विकणारा माणूस कधी गिऱ्हाइकाचं गोदाम बघत नाही. गोदाम बघतो तो माल ठेवायला आलेला. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे चौथरा होता.

नाना म्हणाला, तपेलं असं टेंपोत टाकून न्यायचं नसतं. त्यात तांदूळ भरायचे, वर नारळ ठेवायचा आणि चालत न्यायचं. मला ते आवडलं. शेवटी गाव माझ्या आईला मान देत होतं. म्हणालो, मग बेंजो लावू. नाना म्हणाला, “लाव की. ह्याच्या आधी कुनी लावला नव्हता.” ह्याच्या आधी म्हणजे कधी, हेही मी विचारलं नाही.

मिरवणूक निघाली. बायांनी दारोदार तपेल्याला हळदकुंकू लावलं. म्हातारे माझ्याकडे बघून मान डोलवत होते, मी त्यांना हात जोडत होतो. नाना पुढे, पाठीवर सुरक्षा प्रथम. घरी चौथऱ्यावर तपेलं बसलं. लाइट लावला. आईच्या नावाचे ठिपके चमकायला लागले. मी बऱ्याच वर्षांनी कुणावर न ओरडता जेवलो.

जेवण झाल्यावर नानाने विचारलं, “तुजा टेंपो मोहोपाड्याला जाईल का? पोरगी कवापासनं बोलावतेय. गुडघं बी जात नायत आता.” मी म्हणालो, नाना, टेंपो काय, माझी गाडी पाठवतो. त्याने एक पिशवी घेतली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी बायकोने तपेल्यातले तांदूळ काढले तर तळाशी किल्ली निघाली. करगोट्याच्या दोऱ्यासकट. ती हातात घेऊन मी उभा होतो तोवर दारात खालच्या आळीचा एकजण आला. बायकोने पाणी विचारलं.

“शेठ, रविवारी पोरीचा साखरपुडा हाय. सखू आनि चंद्रभागा देता का?”

“मला काय विचारतोस? नानाला विचार.”

“नाना गेला की पोरीकडं. आता भांडारी तुमीच ना? काल तर वाजत आनली.”

तेव्हा मला कळलं. भांडारी बदलायचा असतो तेव्हा गावाचं सगळ्यात मोठं तपेलं तांदूळ आणि नारळासकट जुन्या भांडाऱ्याकडून नव्याच्या घरी चालत न्यायचं, अशी आमच्या गावची रीत आहे. नाना भांडारी झाला तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, म्हणून मी ती कधी बघितली नव्हती. म्हाताऱ्यांनी बघितली होती. आणि गावातलं सगळ्यात मोठं तपेलं कुठलं, हे सांगायला तर माझीच आरोळी पुरेशी होती, मी तान्हा असल्यापासून.

मी मोहोपाड्याला फोन लावला. शिव्या दिल्या. नानाने सगळ्या ऐकून घेतल्या.

“नाना, तू माल विकलास की काम गळ्यात मारलंस?”

“तुला वयनी घरात पायजे व्हती. घरात हाय ना?”

“आणि बाकीची खोलीभर भांडी?”

“ती एकटी कशी राहील रं?”

देवळामागची खोली गळकी होती, हे गावकीने मला मिरवणुकीनंतर सांगितलं. सगळी भांडी माझ्या गोदामात आली, माझ्याच टेंपोतून. त्यात मी दिलेला नवा कोरा संचही होता. म्हणजे माझा माल मीच गावाला दिला, मीच वाहून आणला आणि आता मीच सांभाळतो. अख्ख्या रायगडात असा सौदा कुणी केला असेल तर त्याने मला येऊन भेटावं.

आणि चौथरा? चौथरा महिन्यातून अर्धे दिवस रिकामा असतो. लाइट नुसत्या फरशीवर पडतो. तपेलं कधी वरच्या आळीत, कधी तेराव्याला, कधी वाडीवर. परत येतं तेव्हा त्यात वाटीभर काहीतरी असतं, आणि बायको ते माझ्या पुढ्यात ठेवते. मी भांडी द्यायला नाही म्हणत नाही. पण आरडाओरडा केल्याशिवाय देतही नाही. खालच्या आळीच्या एकाने परातीला शितं लागलेली परत आणली तेव्हा मी त्याला जे बोललो ते हायवेपर्यंत ऐकू गेलं असेल. पुढच्या वेळी त्याची आई, बायको आणि तो, तिघं तळ्यावर बसून घासत होते.

इथपर्यंत मी सहन केलं. परवाच्या बैठकीत जे झालं ते सहन होत नाही.

गावकीतली तरणी पोरं उभी राहिली. आता केटरर आपली भांडी आणतो, म्हणाली. ही जुनी कुणाला हवीत? विकून टाकू आणि देवळापुढे पेव्हर ब्लॉक बसवू. बऱ्याच माना हलल्या. मग त्यांचा म्होरक्या माझ्याकडे वळला.

“शेठ, घरचाच माल हाय नि घरचाच व्यापारी. तुमीच दर सांगा. आनि यमुनाबाईचं तपेलं तुमी असंच ठेवा, त्याचं वजन धरायचंच नाय. ते तुमचंच.”

सगळ्यांसमोर म्हणाला, तुमचंच. ज्याच्यासाठी मी तळ्यावर दुपारभर बसलो, संच दिला, बेंजो लावला, ते फुकटात, कायमचं, गावाच्या तोंडून. मला फक्त बाकीच्यांचा दर बोलायचा होता. मला तो तोंडपाठ आहे. झोपेतून उठवलं तरी सांगेन. मी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, “गंगूला नुकतीच कल्हई केलीय.”

पोरं हसली. म्होरक्या म्हणाला, “शेठ, दर.”

मी म्हणालो, “कसला दर? आज तपेलं वाडीवर हाय. तिथं भात चढलाय. मी काय चुलीवरनं उतरवून काट्यावर ठेवू? उद्या तुजी बहीन उजवायची हाय, केटररला द्यायला बापाकडं काय हाय तुज्या?” मग माझा आवाज चढला तो उतरेचना. कुणाची आजी कोण, कुणाच्या लग्नाला कुठली कढई गेली, सगळं काढलं. बैठक मोडली. दर निघाला नाही. आईचं तपेलं माझं झालं नाही.

घरी आलो तर बायको म्हणाली, “अहो, पण तुम्हाला तर तेच हवं होतं ना?”

या प्रश्नाचं उत्तर गावात नाही. ते मोहोपाड्याला आहे. कॉलनीतल्या गॅलरीत कंपनीचा शर्ट घालून खुर्चीवर बसलेलं आहे. म्हणून सांगतो. पुढच्या बैठकीला नानाने यावं. गुडघे दुखत असतील तर टेंपो पाठवतो, खुर्चीसकट उचलून आणतो. त्याने देवळापुढे, सगळ्या गावकीसमोर उभं राहावं, भिंतीला टेकून का होईना, आणि माझ्या एका प्रश्नाला उत्तर द्यावं. मी धडधाकट व्यापारी होतो, तांब्याचा दर मला पाठ होता. तू माझं काय केलंस? बोल नाना. हसू नको. बोल.